पावसाळी मायक्रोग्रीन्स: बियाण्याआधी भांडे पारखा

पाऊस लागला की पालेभाजी महागते, चिखलाने माखून येते आणि दोन दिवसांत सडते. या दिवसांत मोहरी, मुळा, मेथी, राजगिरा यांची कोवळी रोपे खिडकीपाशी वाढवून ७ ते १२ दिवसांत कापता येतात. मात्र याच हंगामात एक तक्रार हमखास ऐकू येते: बी झकास उगवले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रोपे बुडाशी कुजून आडवी पडली. ठपका बियाण्यावर येतो. खरे कारण बहुतेकदा भांड्याच्या तळाशी साचलेले पाणी असते. हवा दमट, ऊन नाही आणि मुळांशी पाणी तुंबलेले, अशी स्थिती पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींना पोषक ठरते आणि रोपे कोलमडतात. म्हणून पावसाळ्यात खर्च करायचा तर आधी योग्य भांड्यावर करावा.

खोली आणि आकार

मायक्रोग्रीन्सना खोल कुंडी लागत नाही. मोहरी, मुळा, राजगिऱ्याला कोकोपीटचा २ ते ३ सेंमी थर पुरतो; वाटाणा आणि सूर्यफुलाला ४ सेंमी द्यावा. त्यामुळे भांड्याची उंची ४ ते ५ सेंमी असावी. काठ उंच असले की रोपांमध्ये हवा खेळत नाही, कडेच्या रोपांवर सावली पडते आणि कापणीच्या वेळी कात्री बुडापर्यंत पोहोचत नाही. बाजारात मिळणारा साधारण २५ × ५० सेंमीचा रोपवाटिका ट्रे सोयीचा असतो. त्यात मोहरीचे १२ ते १५ ग्रॅम किंवा मुळ्याचे २५ ते ३० ग्रॅम बी बसते. भाजीपाला रोपांचे प्रो-ट्रे मात्र या कामाचे नाहीत. त्यांत कप्पे वेगवेगळे असल्याने दाट पेरणी होत नाही आणि कापणी किचकट होते.

यंत्राने भातलावणी करणाऱ्यांकडे चटई रोपवाटिकेचे ट्रे असतात: सुमारे ५८ × २८ सेंमी, ३ सेंमी खोल, बुडाला बारीक छिद्रे. लावणी आटोपल्यावर ते पुढच्या जूनपर्यंत पडून राहतात. मोहरी-मुळ्यासाठी ते उत्तम. फक्त त्या ट्रेमध्ये कीटकनाशक किंवा बुरशीनाशक वापरलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

बुडाला छिद्रे, खाली दुसरे ताट

दर ४ ते ५ सेंमीवर ३ ते ४ मिमीचे एक छिद्र, हे प्रमाण ठेवावे. छिद्रे मधोमध तर हवीतच, कोपऱ्यांतही हवीत. पाणी तिथेच अडते. खिळा तापवून छिद्रे पाडताना प्लॅस्टिकचा धूर होतो, म्हणून ते काम मोकळ्या हवेत करावे.

छिद्रांचा ट्रे बिनछिद्राच्या ट्रेमध्ये किंवा स्टीलच्या परातीत ठेवावा. कोंब वर आल्यावर पाणी वरून शिंपडू नये. खालच्या भांड्यात अर्धा ते एक सेंमी पाणी घालावे, १० ते १५ मिनिटे मुरू द्यावे आणि उरलेले ओतून टाकावे. ते तसेच ठेवले तर मुळे गुदमरतात, शिवाय डेंग्यू पसरवणारे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. पाणी कधी द्यायचे हे ट्रे उचलून ठरवावे. पाणी पिऊन जड झालेला ट्रे आणि हलका झालेला ट्रे यांतला फरक दोन-तीन दिवसांत हाताला कळू लागतो. हलका लागला तरच पाणी द्यावे.

कोणते भांडे चालेल, कोणते नको

- प्लॅस्टिकचे डबे: तळावरील त्रिकोणात ५ किंवा २ हा आकडा असेल, तर ते घ्यावेत. हॉटेलातून जेवण येते ते काळे, पसरट डबे या कामी येतात. पारदर्शक डब्यात मुळांपर्यंत उजेड जाऊन हिरवे शेवाळ धरते. अशा डब्याला बाहेरून कागद गुंडाळावा.
- भाजी धुण्याची जाळीची टोपली: आत सुती कापड अंथरून कोकोपीट भरावे. निचरा सर्वांत चांगला.
- मातीचे पसरट भांडे: उन्हाळ्यात गारवा देते. पावसाळ्यात ते ओलेच राहते आणि त्यावर बुरशी चढते.
- बांबूची परडी, पत्रावळ: घटस्थापनेला यांतच धान उगवते आणि नऊ दिवसांसाठी त्या योग्यच आहेत. पण बांबूच्या सांध्यांतली बुरशी धुऊन निघत नाही, म्हणून खाण्याच्या रोपांसाठी एकदाच वापराव्यात.
- पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, गंजका पत्रा: टाळावेत.
- कीटकनाशक, तणनाशक किंवा रंगाचे डबे: कितीही धुतले तरी वापरू नयेत.

बुरशी की केसमुळे?

तिसऱ्या दिवशी अंकुरांभोवती पांढरी लव दिसली की अनेकजण अख्खा ट्रे फेकून देतात. त्याआधी पाण्याचा हलका फवारा मारून पाहावा. ती केसमुळे (मुळांवरचे बारीक तंतू) असतील तर मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी मात्र कोळिष्टकासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरते, फवाऱ्याने जात नाही आणि तिला कुबट वास येतो. असा ट्रे घराबाहेर रिकामा करावा. त्यातली रोपे खाऊ नयेत.

धुणे आणि वाळवणे

प्रत्येक कापणीनंतर मुळांची चटई काढून ट्रे साबणाने घासावा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात १० मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावा. ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण कोरडा होईपर्यंत ठेवावा. ओले ट्रे एकात एक रचू नयेत.

पेरताना ध्यानात ठेवा

औषध लावलेले, रंगीत बियाणे कधीच वापरू नये. टोमॅटो, वांगी, मिरची यांची कोवळी रोपे खाण्यायोग्य नसतात. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांनी जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. त्याच कारणाने ज्वारीही मायक्रोग्रीन्ससाठी पेरू नये.

पहिल्याच खेपेला डझनभर ट्रे मांडू नयेत. दोन छोटे ट्रे घ्यावेत, एकात मोहरी आणि चार दिवसांनी दुसऱ्यात मुळा पेरावा. दोन्ही न कुजता कापणीला आले की आपल्या घरातला ओलावा, हवा आणि भांडे यांचा मेळ बसला असे समजावे आणि मगच ट्रे वाढवावेत.