काउंटरवर बसण्याआधी

पोरी, सोमवारपासून तू दवाखान्याच्या काउंटरवर बसणार. केस पेपर काढणं, नाव संगणकात चढवणं हे तिथली माणसं शिकवतीलच. मी सांगते ते मात्र कान देऊन ऐक.

आजार विचारताना आवाज खाली ठेव. खिडकीपाशी रांगेत पेशंटच्याच गावची माणसं उभी असतात. आपल्या वरोऱ्यात तर हे फारच जपायचं. बाबा आमट्यांनी 1949 साली इथं महारोगी सेवा समिती काढली, ती कुष्ठरोगामुळे घरानं टाकलेल्या माणसांसाठी. कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो, तरी हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत होता. केस पेपरवरचा एक शब्द फुटला की बाईचा संसार मोडायचा, इतकी ती गोष्ट मोठी. कायद्यातून ते कारण गेलं, गावाच्या मनातून अजून पुरतं गेलेलं नाही.

पेशंटची माहिती जपण्यासाठी राज्याचा वेगळा कायदा नाही, केंद्राचाच लागू होतो: 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तू तेवढी वाट पाहू नकोस. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगायचं, त्या कामापुरतीच घ्यायची, आणि दिलेली संमती माणसाला परतही घेता आली पाहिजे. कायद्यात एक उदाहरणच दिलंय: दूरवरून उपचार देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या नंबरांची यादी मागितली आणि पेशंटनं हो म्हटलं, तरी उपचाराला ती यादी लागत नाही, म्हणून ती संमती धरली जात नाही. तुमच्या फॉर्मवर जातीचा किंवा उत्पन्नाचा रकाना दिसला तर डॉक्टरांना विचार, हा कशाला? संमतीची सूचना पेशंटला मराठीत मिळायला हवी, तोही त्याचा हक्क.

अपघाताचा पेशंट आला तर मात्र संमतीच्या सहीसाठी अडवू नकोस. जिवावर बेतलं असेल तेव्हा कायदाच सूट देतो.

हा कायदा संगणकातल्या आणि पुढे संगणकात जाणाऱ्या माहितीचा आहे. कागदावरच राहणारं जाड रजिस्टर त्यात येत नाही. तरी रजिस्टर उघडं ठेवून उठू नकोस. आधारच्या झेरॉक्सची मागची कोरी बाजू चिठ्ठ्यांना वापरायची सवय फार ठिकाणी असते, ती तू लावून घेऊ नकोस. नको ते कागद फाडून टाक, रद्दीत देऊ नकोस. आधार घ्यावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते का ते विचार. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, डॉक्टरांच्या ग्रुपवरसुद्धा नाव झाकूनच.

सगळ्यात अवघड माणूस म्हणजे ओळखीचा. सरपंच येतील, नात्यातला कोणी येईल, "अमक्याच्या सुनेला काय झालंय गं?" म्हणेल. हसून चहा विचार, पण सांगू नकोस. पेशंटांची यादीच हवी असेल तर लेखी मागू दे, आणि ते पत्र डॉक्टरांकडे जाऊ दे.

पेशंटनं स्वतःचे कागद मागितले तर मात्र टाळाटाळ नको. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे ते 72 तासांत द्यायचे असतात. अर्ज घेतलास की तारीख घालून पोच दे, आणि त्याच दिवशी फाईल काढून ठेव.