विहिरीतला साप नाग आहे का?

प्रश्न : आमच्या विहिरीत पिवळसर अंगावर काळ्या चौकड्या असलेला साप दिसतो. डिवचला की फणा काढल्यासारखं करतो. नाग असेल का?

उत्तर : वर्णनावरून ही दिवड वाटते, काही भागांत तिला विरोळा म्हणतात. ती बिनविषारी आहे. लांबूनच डोळ्याकडे पाहा. एक काळी तिरपी रेघ डोळ्याखाली, दुसरी डोळ्यामागे दिसेल. घाबरली की ती मान चपटी करून पुढचा भाग उचलते, आणि एवढ्यावरून नाग समजून कितीतरी दिवडी मारल्या जातात, याचं फार वाईट वाटतं. मासे, बेडूक हे तिचं खाणं. पकडायला गेलात तर मात्र कडकडून चावते, रक्तही येतं. जखम साबणाने धुवा. ओळखीबद्दल जराही शंका असेल तर थेट दवाखाना गाठा.