वाटीचं माप आणि किलोचा भाव

ताईंनो, दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या आधी एक हिशेब नीट बघून घेऊया. घरात आपण वाटीने मापतो, दुकानदार किलोने देतो आणि आपण लाडूही किलोनेच विकतो. वाटीचे ग्रॅम माहीत नसले की नफा तिथेच गळतो.

वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. पाण्याचं सोपं आहे, २०० मिली पाणी म्हणजे २०० ग्रॅम. बाकी जिनसांचं तसं नाही. २०० मिलीच्या सपाट वाटीत साखर साधारण १७० ग्रॅम मावते, पातळ तूप १८०, पिठीसाखर १२० आणि चाळलेलं बेसन जेमतेम १००. पिठात हवा असते ना! तेच बेसन दाबून भरलं तर आणखी बसतं. म्हणून एकीची वाटी दुसरीच्या वाटीशी जुळत नाही.

आता बेसनलाडू घ्या. ४ वाट्या बेसन, २ वाट्या पिठीसाखर, दीड वाटी तूप. झाल्या साडेसात वाट्या. वाटी २०० ची, म्हणजे दीड किलो लाडू होतील असं धरलं तर फसगत होते. बेसन ४००, पिठीसाखर २४०, तूप २७०, सगळं मिळून भरतं ९१० ग्रॅम. भाजताना थोडं घटतं ते वेगळंच. दीड किलोची ऑर्डर घेतली असेल तर बसा पुन्हा बेसन भाजत.

भाव ठरवताना तर जास्तच नुकसान होतं. वाट्यांनी पाहिलं तर तूप पाचवा हिस्सा दिसतं, म्हणजे किलोला २०० ग्रॅम. तूप ६०० रुपये किलो धरलं तर १२० रुपये. पण वजनाने बघा, किलोभर लाडवांत तूप जातं जवळपास ३०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १७८ रुपयांचं. उलट बेसन वाट्यांच्या हिशेबात थोडं जास्त धरलं जातं, १०० रुपये भावाने साधारण ९ रुपयांचं. ते वजा केले तरी किलोमागे ४९ रुपये हिशेबातच आले नाहीत. १० किलोला ४९० रुपये. हे कोणाच्या मजुरीतून जाणार, सांगा! (भाव उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या बाजारचे घाला.)

करायचं एवढंच. गटाची एकच वाटी ठरवा, तिच्यावर खूण करा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. तिच्यात काठोकाठ पाणी भरलं की जेवढे ग्रॅम तेवढे मिली. मग वाटी कोरडी करून एकेक जिन्नस भरा, वर उलथन्याची कड फिरवून सपाट करा, वजन घ्या. पीठ असेल तर तीनदा भरून मधला आकडा धरा. आकडे वहीत नको, भिंतीवर लावा. वही ऐन वेळी सापडत नाही.

सासूबाईंच्या तोंडी अजून शेर, मापटं, चिपटं असतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण तीही जागेचीच मापं, आणि पायली गावागणिक बदलते. भाजणीचं प्रमाण त्यांच्याकडून जरूर घ्या, फक्त त्यांचंच मापटं आणून एकदा वजन करून ठेवा. पाकिटावर निव्वळ वजन ग्रॅममध्येच छापावं लागतं, तिथे मापटं चालत नाही.

शेवटचं तेलाच्या डब्याबद्दल. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही. दिसायला सारखेच. पण एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वरच तेल असतं. लिटरचा डबा स्वस्त दिसला तर आधी किंमत भागिले १३.६५ करा, दुसऱ्याची भागिले १५, आणि मगच कोणता घ्यायचा ते ठरवा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपली खुणेची वाटी आणि पाच जिनसांची वजनं लिहून आणावीत. काटा नसेल तर ग्रामसंघाचा मागून घ्या.