मुलांना नाटक दाखवताना



नाताळच्या नाटिकेत हेरोद राजा येताच एक चिमुरडी ओरडली, "बाळाला लपवा!" मी तिला गप्प केले. चूक माझी होती. माणूस पहिले धडे अनुकरणातून घेतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो; ती करुणेचाच धडा गिरवत होती.

सुधा करमरकरांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'पासून 'लिटल थिएटर' उभे केले, ते मुलांना त्यांचे हक्काचे नाटक मिळावे म्हणून. टीव्हीवरच्या नटाला मुलाची हाक ऐकू येत नाही, रंगमंचावरच्याला येते.

पालकांनो, नाशिकला कालिदास कलामंदिरात बालनाट्य लागले की मुलांना घेऊन जा. शेजारी बसा. ती ओरडली तर ओरडू द्या. ओझरला परतताना एवढेच विचारा, "तू तिथे असतास तर काय केले असतेस?"

आपला धर्मगुरू