भरती-ओहोटी बघून मुक्काम ठरव

बाळ, तू पाठवलेला नकाशा नीट पाहिला. पंधरा दिवस आणि नऊ मुक्काम. त्यातले सहा खोडून टाक.

सहलीचा पैसा हॉटेलात जातो असं सगळ्यांना वाटतं. कॅनडाच्या पूर्वेकडे तो रोज सामान आवरून गाडीत बसण्यात जातो. मुक्काम हलला की पेट्रोल जास्त, दोन्ही वेळचं जेवण बाहेर, आणि संध्याकाळी पोरं कावली की समोर दिसेल त्या मोटेलात मागतील तो दर. एका जागी चार-पाच रात्री राहिलं तर सकाळी पोहे होतात, कपडे धुतले जातात, सासूबाईंना दुपारी आडवं होता येतं. म्हणून मुक्काम तीनच ठेव: मॉन्क्टन, हॅलिफॅक्स आणि प्रिन्स एडवर्ड बेट. आणि ते याच क्रमाने. कारण सांगते.

बेटावर जाताना पैसे लागत नाहीत, बेट सोडताना लागतात. पूल असो की बोट, नियम तोच. नोव्हा स्कोशियातल्या कॅरिबू धक्क्यावरून बोटीने गेलात तर गाडीसकट सव्वा तासाचा समुद्रप्रवास फुकट होतो, आणि परतताना न्यू ब्रन्सविककडे कॉन्फेडरेशन पुलावरून उतरलात की एकदाच टोल. २०२५च्या ऑगस्टपासून तो गाडीला २० डॉलरवर आणला आहे, पूर्वी ५० च्या वर होता. उलट फिरलात तर बोटीचं भाडं भराल आणि ते पुलापेक्षा महाग पडतं. देवमासे दाखवणाऱ्या बोटींचं तिकीट पाच-सहा जणांचं काढायचं म्हणजे खिसा रिकामा. त्यापेक्षा मुलांची समुद्राची हौस कॅरिबूच्या बोटीवरच भागव. मात्र जुलै-ऑगस्टात तिथे रांग लागते, तेव्हा वेळापत्रक आधी बघून निघा.

मॉन्क्टनला पहिला मुक्काम तो फंडीच्या आखातासाठी. आपण वेंगुर्ल्याची माणसं, भरती-सुकती आपल्याला नवी नाही. पण मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, आणि फंडीच्या टोकाशी सोळा मीटरपर्यंत. मॉन्क्टनपासून पाऊण तासावर होपवेल रॉक्स आहेत. ओहोटीच्या आधी तीन तास ते नंतर तीन तास एवढ्या वेळात जिना उतरून समुद्राच्या तळावर चालता येतं. खाली लाल-तपकिरी चिखल असतो, चपला त्यात राहतात, म्हणून जुने बंदाचे बूट घाला. मान वर केलीस की डोक्याच्या कितीतरी वर खडकाला ओलं शेवाळ लोंबताना दिसेल. पाणी तिथवर येतं. सहा तासांनी त्याच जागी, वरच्या कठड्यावरून, त्याच खांबांचे फक्त शेंडे आणि त्यावरची झाडं दिसतील. दोन्ही बघितल्याशिवाय परत फिरू नका. दोन्ही एका दिवसात जमलं नाही तर तिकीट दुसऱ्या दिवशी चालतं का ते खिडकीवर विचारून घे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. तेव्हा आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढ, सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती येते असे दिवस शोध, आणि त्याभोवती सुट्टी बसव. रजा आधी आणि कोष्टक नंतर असं करशील तर पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच असल्या ओहोट्या वाट्याला येतील. पहारेकरी वर बोलावतील तेव्हा फोटो अर्धवट सोडून वर यायचं, हे मुलांना आधीच बजाव.

समुद्रस्नान फंडीत नको, पाणी हाडं गोठवतं. त्यासाठी शेडियॅकचा पार्ली बीच. नॉर्थम्बरलँड सामुद्रधुनी उथळ आहे, उन्हाळ्यात पाणी तापतं, पोरं तासन्‌तास डुंबतात.

राहण्याचं सांगते. राष्ट्रीय उद्यानांच्या तंबूच्या जागा हिवाळ्यातच नोंदवायला सुरू होतात आणि शनिवार-रविवार लगेच संपतात. मंगळवार ते शुक्रवार धरशील तर मिळेल. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना उद्यानांत प्रवेश फुकट आहे, आणि कुटुंबाचा वार्षिक पास एका गाडीतल्या सात जणांना चालतो. २०२५च्या उन्हाळ्यात सरकारने सगळ्यांनाच प्रवेश माफ केला होता, तंबूच्या भाड्यात २५ टक्के सूटही होती. तसं या वर्षी आहे का हे बघून मगच पास काढ. सासू-सासऱ्यांना मात्र तंबूत झोपवू नका. ऑगस्टातही रात्री गारठा पडतो आणि जमिनीवरून उठताना गुडघे बोलतात. हॅलिफॅक्सला उन्हाळ्यात विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या खोल्या भाड्याने मिळतात, काहींत स्वयंपाकघरही असतं. साध्या असतात, पण स्वच्छ आणि शहराच्या मध्यात.

हॅलिफॅक्समध्ये पैसे फारसे लागतच नाहीत. डार्टमथची फेरी शहरबसच्या तिकिटात बंदर ओलांडते. फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत टायटॅनिकवरच्या १२१ जणांच्या कबरी आहेत, काहींवर नाव नाही, नुसता क्रमांक आणि तारीख. मुलं मोठी आहेत, त्यांना ते दाखव, शांतपणे समजावून सांग. पेगीज कोव्हच्या दीपगृहापाशी एक गोष्ट पक्की: काळ्या, ओल्या दगडांवर कुणीही पाय ठेवायचा नाही. तिथे अचानक मोठी लाट येते आणि माणसं जातात.

कॅबट ट्रेल या खेपेला सोड. २९८ किलोमीटरचा तो फेरा सुंदर आहे यात शंकाच नाही, पण तो एका दिवसात उरकायचा नसतो, आणि हॅलिफॅक्सहून त्याच्या सुरुवातीला पोचायलाच अर्धा दिवस जातो. न्यूफाउंडलंडही पुन्हा कधीतरी. नुसती बोट सात तासांची आहे.

आता पोटाचं. घरून गोडा मसाला, मेतकूट, भाजलेले पोहे, तांदूळ, मुगाची डाळ आणि विजेचा छोटा कुकर घे. दुपारची शिदोरी रोज बरोबर असू दे. बाहेर खायचं ते एखाद-दुसऱ्या दिवशीच, धक्क्याजवळच्या टपरीवर हॅडॉक माशाचे ताजे तुकडे तळून देतात तिथे. बेटावर स्वयंपाकघर असलेली खोली घे आणि शिंपले आण. तिथे शिंपल्यांची शेती चालते, किराणा दुकानातसुद्धा पिशवीभर स्वस्तात मिळतात. पाण्याखाली चोळून धू, दाढीसारखे धागे ओढून काढ. उघडा असलेला शिंपला ओट्यावर हळूच आपट, मिटला नाही तर फेकून दे. शिजल्यावर जो उघडत नाही तोही फेक. कांदा, ओलं खोबरं न मिळाल्यास डब्यातलं नारळाचं दूध, आपला मालवणी मसाला, पाच-सात मिनिटांची वाफ. पाणी घालायचं नाही, त्यांचंच सुटतं. स्वतः खडकावरून मात्र काढू नका. विषारी शेवाळामुळे किनारे बंद असतात आणि ते विष शिजवून जात नाही. सासूबाईंना शिंपले चालत नसतील तर रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या मांडवात नवे बटाटे ठेवलेले असतात. विकायला कुणी नसतं, पैसे डब्यात टाकायचे. सुटे डॉलर जवळ ठेव.

पेट्रोल या प्रांतांत सरकार ठरवून देतं त्या कमाल दराच्या आत विकतात आणि दर साधारण शुक्रवारी बदलतो. म्हणून दहा सेंट वाचवायला पंप शोधत फिरू नका.

जावईबापूंना सांग, टोरांटोहून मॉन्क्टन साडेपंधराशे किलोमीटर आहे, वाटेत दोन रात्री हव्यातच. फोनवरचा नकाशा कधी कधी मेनमधून जवळची वाट दाखवतो. ती अमेरिका आहे. सासू-सासऱ्यांकडे कॅनडाचाच व्हिसा असेल तर त्या वाटेला जायचं नाही. एडमंडस्टनवरूनच चला, तिथे घड्याळ एक तास पुढे होतं. पुढे हार्टलंडला १९०१चा, जवळजवळ ३९१ मीटर लांबीचा छप्पर असलेला लाकडी पूल आहे, जगातला सर्वात लांब. पाय मोकळे करायला तिथेच थांबा. आणि दिवेलागणीनंतर गाडी नको. मूस नावाचं थोराड हरीण काळोखात दिसतच नाही, त्याचे पाय इतके उंच की धडक बसली तर धूड थेट काचेवर येतं.

सासू-सासऱ्यांचा वैद्यकीय विमा निघायच्या आधी तपास, तारखा संपलेल्या नसाव्यात. जळाऊ लाकूड इकडून नेऊ नका, किडे जातात, तिथलंच विकत घ्या. शेकोटीला परवानगी आहे का ते रोज बघायचं. २०२५च्या ऑगस्टात वणव्याच्या भीतीने नोव्हा स्कोशियाने जंगलात पाऊल टाकायलाही बंदी केली होती, दंड २५ हजार डॉलर.

माझा तंबू आणि दोन बर्नरची शेगडी इथे किंग्स्टनला माझ्या गॅरेजमध्ये आहे. किंग्स्टन तुमच्या वाटेवरच आहे, पण जाताना नेऊ नका, आधी एखाद्या रविवारी या. तंबू अंगणात एकदा उभा करून बघू, एका खांबाचा दोर बदलायचा आहे.