नाना म्हणाले होते, भरीत कडू लागतंय

धुळ्याच्या त्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "ताई, हे बीपीवाल्यांचं मीठ. सोडियम कमी, बिनधास्त वापरा." नानांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, मी दोन पाकिटं जळगावला आणली.

त्याच आठवड्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं. पहिला घास घेऊन नाना म्हणाले, "पोरी, भरीत कडू लागतंय." मी वांग्याच्या बियांना दोष दिला. वरणही त्यांना तसंच लागायचं. आम्ही म्हटलं, तोंडाला चव नसेल.

महिनाभरात पायांतलं बळ गेलं, ओट्यावरून उठवेना. रक्तात पोटॅशियम ६.३ निघालं, पाचच्या वर जायला नको. डॉक्टरांनी विचारलं, "घरी मीठ कोणतं?" घरी येऊन पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराईड. कमी केलेल्या सोडियमच्या जागी हेच घातलेलं, कडवटपणा त्याचाच. नानांची किडनी आधीच अधू, त्यात रक्तदाबाची गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी. उभ्या उभ्या मला ते भरीत आठवलं.

दुकानदाराला जाब विचारला तर म्हणतो, "पाकिटावर लिहिलंय की!" मग विकताना तोंडाने का नाही सांगितलं? घरातही बोल मलाच. ते पाकीट महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, वाचलं कुणी?

नाना आता बरे आहेत. पण ऐका.

किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी चालू असेल, तर कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये किडनीच्या रुग्णांना, गरोदर बायकांना आणि मुलांना त्यातून वगळलं आहे.

"सैंधव दे" म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. सैंधव, पादेलोण, खडेमीठ, सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराईडच. शिवाय सैंधवात आणि सुट्या खडेमिठात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं; गलगंड टाळायला ते लागतं. खडेमीठ लोणच्याला ठेवा, पण वाटीने नको, वजनाने घ्या. खड्यांमध्ये पोकळी राहते, मीठ कमी पडतं आणि बुरशी धरते. उडदाच्या पापडातला पापडखारही सोडियमच, तोही धरा.

मीठ कुठलंही असो, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. डॉक्टर नानांना "मीठ कमी करा" म्हणाले होते. मी मीठ बदललं.

आणि घरातलं म्हातारं माणूस चव बिघडली म्हणालं, तर आधी मिठाचं पाकीट वाचा.