'स्मृतिचित्रे'तील चिंता आणि ख्रिस्ती श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या आत्मचरित्राची समीक्षा मुख्यतः त्यातील विनोद आणि निर्व्याज निवेदन यांभोवती फिरत राहिली आहे. ख्रिस्ती वाचकवर्ग हेच पुस्तक धर्मांतराची साक्ष म्हणून वाचतो. दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते : या पुस्तकातील स्त्री जन्मभर काळजी करीत असते, आणि बाप्तिस्म्याने ती काळजी संपत नाही. काय पालटते, हा खरा प्रश्न आहे.

मराठीत 'चिंता' आणि 'चिंतन' हे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. मन एखाद्या विषयाला चिकटून राहणे ही क्रिया दोहोंत समान. विषय आणि भाव मात्र भिन्न. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू अन्नवस्त्राची आणि उद्याची चिंता करू नका असे सांगतो, पाखरांकडे व रानफुलांकडे बोट दाखवतो. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा संबंध विभागले जाण्याशी जोडला जातो. चिंता म्हणजे दुभंगलेले चित्त, असा त्याचा आशय अनेक भाष्यकार घेतात. त्याच अध्यायात दोन धन्यांची सेवा करता येत नाही हे वचन आधी येते. म्हणजे उपदेश निष्काळजीपणाचा नाही, एकचित्ततेचा आहे.

'स्मृतिचित्रे'चा आरंभच एका भयाच्या कथेने होतो. लक्ष्मीबाईंचे आजोबा वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून त्यांना चालेना. मुलांच्या अंगावर, खाण्यावर, खेळण्यावर त्या पाण्याचा पहारा बसला. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात म्हणून त्यातील दहशत वाचकाच्या ध्यानात येत नाही. परंतु येथे सोवळे हा धर्माचार उरलेला नाही. राजसत्तेने घरात ओतलेली भीती दररोज धुऊन काढण्याचा तो निष्फळ उद्योग आहे.

सासरी चिंतेने दुसरे रूप घेतले. नारायण वामन टिळकांचा (१८६१–१९१९) स्वभाव हातचे देऊन टाकण्याचा, मनात येईल तेव्हा घर सोडून जाण्याचा. पाखरांचा दृष्टान्त ते ख्रिस्ती होण्यापूर्वीच जगत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र टिळकांची निश्चिंती लक्ष्मीबाईंच्या चिंतेवर उभी होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उद्याच्या दाण्यांचा विचार घरात कोणी तरी करीत असल्यामुळेच दुसऱ्याला तो न करण्याची मोकळीक मिळते. टिळकचरित्राच्या भक्तिपर लेखनात हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीतील काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. विठ्ठलाच्या नगरीत, आप्तांच्या आधाराने, ख्रिस्ती झालेल्या पतीची वाट पाहणारी ही ब्राह्मण स्त्री : आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात या मुक्कामाची दखल अजून पुरेशी घेतली गेलेली नाही. पुढे त्या पतीकडे गेल्या तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ते सुटले एका विचाराने. जाती मनुष्याने केल्या, देवाने नव्हेत, असे मनाला पटले आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय झाला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वडिलांकडून आलेले भय गळाले, मग श्रद्धा आली. अथवा ते गळणे हेच श्रद्धेचे पहिले पाऊल होते. पुढे प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा त्यांनी केली, तेव्हा स्पर्शाचे भय धरणारे जुने मन उरलेले नव्हते. दुसऱ्यांविषयीची काळजी मात्र वाढलीच होती.

पंडिता रमाबाईंची तुलना येथे उद्बोधक ठरते. जॉर्ज म्यूलरच्या चरित्रातून त्यांनी प्रार्थनेच्या बळावर संस्था चालविण्याची प्रेरणा घेतली, आणि १८९६–९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींचा भार उचलला. त्यांचा विश्वास निर्धाराचा आहे, लक्ष्मीबाईंचा घरगुती. त्या देवाशीही चूल सांभाळता सांभाळता बोलतात. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. मराठी भक्तिपरंपरेत भार देवावर टाकणे ही लेकराची कृती असते, म्हणूनच पश्चिमेतून आलेला धर्म या भाषेत परका राहिला नाही.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. अक्षरओळख पतीकडून झालेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने ते ओवीबद्ध काव्य पुढे नेले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. मागे राहिलेल्या कामाची ही चिंता होती, आणि ख्रिस्तचरित्राचे चिंतनही. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. ग्रंथ १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला.